नकाराचा दुसरा परिच्छेद

१२ जानेवारी

सूनबाई,

आशीर्वाद. तब्येत बरी असशीलच. नोकरी करणाऱ्या बाईला आजारी पडायला सवड नसते, हे चौतीस वर्षं नोकरी करून मला ठाऊक आहे. शाळेत आमच्या सिस्टर पत्रलेखन शिकवताना सांगायच्या, पहिला परिच्छेद रीतीचा, दुसरा मनातला. तर रीत झाली.

आता मनातलं. तू त्याचा फोन का घेत नाहीस? नोव्हेंबरच्या शेवटापासून बघते आहे. रविवारी अकराला तो गॅलरीत खुर्ची टाकून बसतो आणि फोन लावतो. पलीकडून तुमची खार बोलते. (तेरा वर्षांची झाल्यामुळे तिला आता खार म्हणायचं नाही, असं तिने मला बजावलं आहे. खोडरबरं साठवायची तेव्हापासून ती खार आहे आणि मी मरेपर्यंत राहणार.) पाच मिनिटं शाळेच्या गप्पा होतात, मग हा म्हणतो, "आईला दे जरा." ती म्हणते, "आई कामात आहे, बाबा." दर रविवारी? अकरा वाजता? दवाखान्यातल्या औषधांच्या कपाटाला एवढं काय काम असतं गं?

नोकरीसाठी खारीला घेऊन तू तिकडे गेलीस तेव्हा जिन्यात मी जे बोलले ते मी विसरलेले नाही. वरच्या वकीलणबाईही विसरलेल्या नाहीत, त्या दार किलकिलं करून ऐकत होत्या. "नवऱ्याचे दिवस फिरले की बायकोचे पाय फिरतात." वाक्य चांगलं जमलं होतं, म्हणून तोंडातून निघून गेलं. चांगल्या वाक्यांनी माझं फार नुकसान केलं आहे. पण राग माझ्यावर काढ, त्याच्यावर नको.

त्याला घरी बसून दोन वर्षं सात महिने झाले. आधी एकोणीस वर्षं त्याने दाबमापकं तपासली. बॉयलरवर, प्राणवायूच्या नळकांड्यावर जी तबकडी असते तिचा काटा खरं बोलतो की खोटं, एवढंच त्याचं काम. काटा खोटं बोलला तर माणसं मरतात. त्या कारखान्याने एक यंत्र आणलं आणि या विभागप्रमुखाला फुलांचा गुच्छ दिला. घरी येऊन काय म्हणाला आठवतं? "आज रस्त्यावर गर्दी कमी होती." आपण दोघी म्हणालो, बरं झालं. नोकरी गेल्याचं त्याने जेवताना सांगितलं, तेही पाणी मागता मागता. त्याची ही खोड जन्माची आहे. तुला लग्नाचं विचारायला आला तेव्हाही म्हणे आधी म्हणाला, "तुमच्याकडचा नळ गळतो."

मुलाखतींनाही हेच होतं. गेल्या आठवड्यात एका ठिकाणी फोन करून बोलावलं. समोर पंचविशीतला एक गृहस्थ, मोजे न घालता बूट घातलेला. त्याने विचारलं, "पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे पाहता?" आपल्या माणसाने हिशेब केला आणि खरं उत्तर दिलं, "निवृत्तीला सात वर्षं उरलेली असतील." मुलाखत संपली. मी म्हटलं, "अरे, असं विचारल्यावर खोटं बोलायचं असतं." तर म्हणतो, "किती टक्के?"

टपाल मीच उघडते, काळजी करू नकोस. पहिल्या सहा महिन्यांनंतर त्याला पाकिटं फोडवेनात. तोच म्हणाला, "आई, तू उघड. होकार असेल तर हाक मार." मला हे काम नवं नाही. मोठ्या साहेबांचं टपाल चौतीस वर्षं मीच फोडलं. कुठलं पत्र सकाळी द्यायचं, कुठलं जेवणानंतर, कुठलं कधीच नाही, हे मला पाकीट हातात घेतलं की कळायचं. साहेब बदलला, इतकंच.

अजून हाक मारायची वेळ आलेली नाही.

खार सांगत होती की तुला तिथे कायम करणार आहेत आणि राहायला जागाही देणार. म्हणजे तू परत येणार नाहीस, आणि तो नोकरीशिवाय तिकडे येणार नाही, कारण बायकोच्या घरी रिकाम्या हाताने जायचं नाही असं त्याने ठरवलं आहे. मग तुम्ही दोघं भेटणार कधी? मुलीच्या लग्नात?

परत ये. हे मी विनवून सांगते आहे. वाचताना तसं वाटत नसेल तर माझ्या अक्षराचा दोष.

तुझी (अजून तरी) सासू


३० जानेवारी

सूनबाई,

उत्तर नाही. उत्तर न देणं ही आता रीतच झाली आहे म्हणा. दोन वर्षांत त्याने एकशे ऐंशी अर्ज पाठवले. त्यातल्या तेवीस जणांनी नकार कळवला. बाकीच्यांनी एक ओळही नाही. आमच्या वेळी असं नव्हतं. ज्याला नाही म्हणायचं त्यालाही आम्ही पत्र पाठवायचो. ऑफिसात त्याला 'रिग्रेट' म्हणत. सोमवारी सकाळी साहेब विचारायचे, "आज किती रिग्रेट?" आणि मी टाइपरायटरला कागद लावायचे. प्रत्येकाचं नाव नीट, हुद्दा नीट, खाली सही. माणसाला नाही म्हणतानासुद्धा त्याच्या नावात चूक करायची नाही, हा माझा नियम होता. आता नियमही गेले आणि नावंही.

एका ठिकाणून फोन आला, बाई गोड आवाजात म्हणाली, "सर, तुमची पात्रता आमच्या गरजेपेक्षा जास्त आहे." जास्त! माणूस जास्त कसा असतो? मीठ जास्त होतं, पाणी जास्त होतं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा असं म्हणतात, पण हा तर अति शहाणाही नाही, फक्त शिकलेला आहे. मग कमी पगाराचं काम दे म्हणावं, तर म्हणे असे लोक टिकत नाहीत. एकोणीस वर्षं एका खुर्चीत टिकला, आणखी किती टिकायचं?

घरातलं सांगते. सकाळी नऊला तो दाढी करून, बूट घालून जेवणाच्या टेबलाशी बसतो. बूट घालून, घरात. मी एकदा म्हटलं, "अरे, फरशी आत्ताच पुसली." तर उठून बूट पुसून आला आणि पुन्हा बसला. त्यानंतर मी काही म्हटलेलं नाही. साडेपाचला बूट काढतो. मधल्या वेळात घरातल्या सगळ्या वस्तू तपासून झाल्या आहेत. भिंतीवरचं घड्याळ आठवड्याला चाळीस सेकंद पुढे जातं. ताप मोजायची नळी अर्धा अंश कमी दाखवते, म्हणजे गेल्या पावसाळ्यात मला खरंच ताप होता आणि तुम्ही सगळे मला नाटकी समजत होता.

परवा वाण्याकडे गेलो. साखर तोलताना हा म्हणाला, "काटा आठ ग्रॅम खोटा आहे." दुकानात चार माणसं. वाणी म्हणाला, "साहेब, तुम्हाला बरा वेळ आहे!" सगळे हसले. हा पण हसला. मग वाण्याला सांगू लागला की काट्याखालची पट्टी वाकली आहे, दोन मिनिटांचं काम आहे, मी करून देतो. वाणी म्हणाला, "राहू द्या हो, आमचा काटा आमच्या बाजूने खोटा आहे." आणखी हशा. घरी येईपर्यंत हा एक शब्द बोलला नाही. मी मात्र बोलले. वाण्याला. तो आता साखर आठ ग्रॅम जास्त टाकतो आणि माझ्याकडे बघत नाही.

तू तुझ्या गावच्या त्या तपासणी-संस्थेच्या जाहिरातीचं कात्रण पाठवलं होतंस ना, सप्टेंबरात, त्याचा अर्ज त्याने त्याच दिवशी टाकला. रेखीव अक्षरात, टपालाने, कारण ती संस्था जुन्या वळणाची आहे. त्याचं पुढे काय झालं ते विचारू नकोस. व्हायचं तेच झालं.

वकीलणबाई काल वर बोलावून म्हणाल्या, "मुलगा घरी आहे म्हणजे तुम्हाला सोबत झाली हो." मी म्हटलं, "सोबतीसाठी मांजर पाळतात, इंजिनियर नाही." पण खोटं कशाला बोलू, त्यांचं अगदीच चूक नव्हतं. तुझे सासरे गेल्यापासून या घरात दुपारी कोणाच्या खोकल्याचा आवाज नव्हता.

निदान खारीला तरी दोन ओळी लिहायला सांग.

सासू


१७ फेब्रुवारी

सूनबाई,

पाच महिन्यांनी तुझं पत्र आलं आणि तेही चार ओळींचं. मी ते सहा वेळा वाचलं. त्यातलीच वाक्यं परत तुला लिहून दाखवते, म्हणजे काय लिहिलंस ते तुलाही दिसेल.

"आई, संस्थेने त्यांना अठरा नोव्हेंबरला बोलावलं होतं. प्रमुखांनी स्वतः मला सांगितलं. ते गेले नाहीत, कळवलंही नाही, आणि मी त्या भल्या माणसासमोर मान खाली घालून उभी होते. मी यांना फोनवर विचारलं, संस्थेकडून काही आलं का, तर म्हणाले, आज पाणी लवकर गेलं. मी फोन ठेवला. पंधरा मार्चला मला कायम नोकरीच्या कागदांवर सही करायची आहे. घर द्यायचं म्हणून त्यात एक रकाना आहे, कुटुंबात माणसं किती. मी दोन लिहिणार आहे."

वा! रकान्यातून नवरा काढायचा! शाबास!

एक सांगते, नीट ऐक. असं कुठलंही बोलावणं आलेलं नाही. या घरात येणारं प्रत्येक पाकीट माझ्या हातून जातं. माझ्या हातून चौतीस वर्षांत एक कागद इकडचा तिकडे झाला नाही. नंतरच्या मुलींनी तर संगणक असून अख्खी फाईल हरवली. तुझे ते प्रमुख स्वतःची चूक दुसऱ्यावर ढकलत असतील. बोलावलं म्हणे! चोराच्या उलट्या बोंबा. त्या संस्थेचं जे पत्र आलं ते

ते राहू दे. सांगायचं हे की तुझा नवरा कामचुकार नाही. बोलावलं असतं तर आदल्या दिवशी जाऊन फाटकाशी उभा राहिला असता. पाणी लवकर गेलं म्हणाला कारण त्याला काही आलं नाही हे सांगायची लाज वाटली. एवढं तुला कळायला हवं होतं. सोळा वर्षं संसार केलास की तिकीट काढून बसली होतीस?

हे पत्र लगेच टाकते. वाचून थंड डोक्याने विचार कर.

सासू


२० फेब्रुवारी

सूनबाई,

मागचं पत्र फाडून टाक. फाडलं नसशील तर निदान त्यातलं 'शाबास' खोडून टाक.

तुला ते लिहिताना मी एका वाक्यात मधेच थांबले होते. तुझ्या नजरेतून ते सुटलं नसेल. पत्र पेटीत टाकून आले, जेवले, आडवी झाले आणि उठून बसले. मग टेबलाचा खालचा खण उघडला. तिथे एक फाईल आहे. तिच्यावर मी 'इतर' असं लिहिलं आहे. त्यात तेवीस रिग्रेट आहेत, तारखेप्रमाणे. मी ती त्याला कधी दाखवली नाहीत. होकार असेल तर हाक मार म्हणाला होता. नकाराचं काय करायचं ते सांगितलं नव्हतं, ते मी ठरवलं.

आता मी पत्र कसं उघडते ते सांगते, कारण सगळं त्यात आहे. पत्राला तीन घड्या असतात. वरची घडी उचलायची, पहिली ओळ बघायची. 'खेद' दिसला की घडी खाली, पत्र खणात. पुढे वाचायचं कशाला? मी स्वतः हजारो टाइप केली आहेत, पुढे काय असतं मला पाठ आहे. पुढे सही असते. मोठे साहेब सांगायचे, "नकाराला दुसरा परिच्छेद देऊ नका, बाई. माणूस त्यात घर बांधतो." एकदा मी आपल्या मनाने एकाला 'पुढील काळासाठी शुभेच्छा' असं लिहिलं तर तो मनुष्य आठवडाभर फाटकाशी येऊन बसला. तेव्हापासून कधी नाही.

संस्थेच्या पत्राची पहिली ओळ अशी होती: "विभागप्रमुख या पदासाठी आपला विचार करता आला नाही, हे कळवण्यास आम्हांला खेद वाटतो."

त्या दुपारी मी मधली घडी उघडली.

"तथापि आपला अनुभव पाहता, दाबमापकांचा विभाग नव्याने उभा करण्यासाठी आपल्यासारख्या व्यक्तीची आम्हांला गरज आहे. सुरुवात सहा महिन्यांच्या कराराने होईल. कृपया १८ नोव्हेंबर रोजी सकाळी दहा वाजता मूळ प्रमाणपत्रांसह भेटावे."

नावात चूक नाही. हुद्द्यात चूक नाही. कागद जाड, खाली शाईची सही. अशी पत्रं लिहिणारं कोणीतरी अजून शिल्लक होतं आणि त्याचं पत्र माझ्याच हाती पडलं. सिस्टरांनी सांगितलं होतं, दुसरा मनातला. ते मी शाळेत शिकले आणि ऑफिसात विसरले.

इथेच थांबले असते तर बरं होतं. चूक झाली, म्हातारी झाले, डोळे अधू झाले, काहीही म्हणता आलं असतं. पण डोळे चांगले आहेत. पाकिटावरचा शिक्का तुझ्या गावचा होता, तो मी घडी उचलण्याआधीच वाचला होता. आणि 'खेद' दिसल्यावर माझ्या मनात दोन शब्द आले होते: बरं झालं. तेव्हा मी त्याचा अर्थ असा लावला की बरं झालं, बिचाऱ्याची आणखी एक फेरी वाचली. गेले तीन दिवस मी तो अर्थ तपासून बघते आहे. नीट बसत नाही. दुपारी खोकल्याचा आवाज येतो आहे आणि मला लिहायला सुचत नाही.

त्याला तू काही सांगू नकोस. मी सांगणार. आणि पंधरा तारखेच्या आत त्या रकान्यात काही लिहू नकोस. हे मी हुकूम म्हणून नाही लिहीत. हुकूम सोडून मला दुसरं काही लिहिता येत नाही, तो भाग वेगळा.

आई


२७ फेब्रुवारी

सूनबाई,

सांगितलं. सांगायला पाच दिवस घेतले. अशी पत्रं जेवणानंतर द्यायची असतात, म्हणून रोज जेवणानंतर देईन म्हणत होते, आणि रोज जेवण झालं की त्याला डुलकी लागायची. शेवटी बुधवारी सकाळी नऊला, बूट घालून बसला होता तेव्हा, फाईल त्याच्यासमोर ठेवली. संस्थेचं पत्र सगळ्यात वर. उभी राहिले, साहेबांपुढे उभी राहायचे तशी.

त्याने ते वाचलं. तिन्ही घड्या. मग कागद उजेडाकडे धरला आणि म्हणाला, "कागद चांगला आहे."

मी फाईल टेबलावर सरळ केली.

मग म्हणाला, "आई, तुला हे वाचायचं नव्हतं, की मला पाठवायचं नव्हतं?"

आणि मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, "चहा टाकते." ती खोड त्याने कुणाकडून उचलली ते मला अठ्ठेचाळीस वर्षांनी कळलं.

स्वयंपाकघरात उभी होते आणि मागून ओरडण्याचा आवाज आला. तो ओरडत होता गं. या घरात तो शेवटचा कधी ओरडला मला आठवत नाही, बहुतेक दात येताना. "दोन वर्षं मी इथे बूट घालून बसतो आहे, आई! बूट घालून! कुणी हाक मारेल म्हणून!" वर वकीलणबाईंचं दार वाजलं. मी जिन्यात जाऊन म्हटलं, "या, आत येऊन ऐका, तिथे नीट ऐकू येत नसेल." दार बंद झालं. परत आले तर हा रडत नव्हता, हसत नव्हता, फाईलमधली बाकीची बावीस पत्रं एकामागून एक वाचत होता. वरपासून सहीपर्यंत. मधे मी चहा ठेवला, तो निवला. मी दुसरा ठेवला.

बाराच्या सुमारास म्हणाला, "बावीस वेळा तुझं बरोबर होतं."

मी म्हटलं, "मग?"

"तेविसात एकदा चुकणारा काटा आम्ही फेकत नाही. पण त्याच्यावर विसंबतही नाही."

त्यानंतर त्याने टपालपेटीची किल्ली मागितली. मी दिली. चौतीस आणि दोन, छत्तीस वर्षांनी माझ्याकडे टपालाची किल्ली नाही. काढलं म्हणजे काय वाटतं ते कळलं. गुच्छ मिळाला नाही.

दुपारी त्याने संस्थेच्या प्रमुखांना फोन केला. मी आतल्या खोलीत होते, पण आमच्या भिंती पातळ आहेत हे तुला माहीत आहेच. त्याने माझं नाव घेतलं नाही. "पत्र माझ्या हाती उशिरा आलं, चूक आमच्या घरची," एवढंच म्हणाला. ती जागा डिसेंबरातच भरली. तिशीतला एक मुलगा घेतला आहे. प्रमुख म्हणाले, इकडे आलात तर भेटून जा, मात्र मी शब्द देत नाही. हा म्हणाला, "नका देऊ. मी येतो."

कधी जाणार ते मला सांगितलेलं नाही. माझ्याशी तीन दिवस कामापुरतंच बोलतो आहे. नळ, गॅस, पेपर. तक्रार करत नाही, कळवते आहे.

आई


८ मार्च

सूनबाई,

तो येतो आहे. बारा तारखेच्या बसने निघेल, तेरा तारखेला सकाळी तुझ्या दाराशी असेल. दोन बॅगा. एकीत कपडे, एकीत हत्यारं, म्हणजे काटे तपासायची ती त्याची पितळी वजनं आणि छोटा पंप. तुला सांगू नकोस म्हणाला. मी सांगते आहे. हे पत्र उशिरा पोहोचू नये म्हणून पोस्टात स्वतः जाऊन टाकणार आहे, पेटीत नाही.

नोकरी मिळालेली नाही, हे आधीच सांगते. प्रमुखांना भेटेल, पण तिथे जागा नाही. तो तिशीतला मुलगाही एव्हाना रुळला असेल, आणि त्याला शिव्या द्याव्यात असं मला फार वाटतं, पण त्याने काय केलं? पाकीट आल्या दिवशी उघडलं, एवढंच.

काल मी विचारलं, "रिकाम्या हाताने जाणार नाही म्हणत होतास ना?" बॅग भरत होता. मोजे मोजून ठेवले आणि म्हणाला, "तिथेही नऊला बूट घालूनच बसेन. पण चार वाजता खार शाळेतून येताना दिसेल." मग थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, "आणि तुझी सूनबाई सहाला येते." तुझी सूनबाई म्हणाला. बायको म्हणायची हिंमत नव्हती.

त्याने जाऊ नये असं मला वाटतं. हे एकदाच लिहिते, पुन्हा विचारलंस तर नाकारीन. घड्याळ आता बरोबर चालतं, ते कोण बघणार? काल वाण्याकडे जाऊन त्याने ती वाकलेली पट्टी सरळ करून दिली. न विचारता, दुकान उघडायच्या वेळी. वाणी नुसता बघत राहिला. साखर आता सगळ्यांनाच अचूक येते, माझे वरचे आठ ग्रॅम बंद झाले.

माफी मागायची मला सवय नाही. दुसऱ्यांच्या माफीची पत्रं इतकी टाइप केली की माझ्या वाटणीची तिथेच संपली. जिन्यातलं ते वाक्य मात्र परत घेते. पाय तुझे फिरले नव्हते. तू नोकरीला गेली होतीस, जशी मी जायचे, आणि मला कोणी जिन्यात गाठून काही म्हटलेलं नव्हतं.

त्या रकान्याबद्दल मी काही सुचवणार नाही. आकडा तुझा, सही तुझी. फक्त तेरा तारखेपर्यंत तो रिकामा ठेव.

आता शेवटचं, आणि हे नीट वाच, सहीपर्यंत. तू दार उघडशील तेव्हा तो काहीतरी भलतंच बोलेल. जिन्यातला दिवा गेला आहे म्हणेल, बसला उशीर झाला म्हणेल, तुमच्याकडचा नळ गळतो म्हणेल. तुला दार लावून घ्यावंसं वाटेल. मला वाटलं असतं. नोव्हेंबरात तू फोन ठेवलास आणि मी घडी खाली केली, दोघींनी पहिल्याच ओळीवर. पण सतरा वर्षांपूर्वी त्या नळावरून तू उठून गेली नव्हतीस, बसून राहिली होतीस.

दार धरून उभी राहा. दुसरं वाक्य येईपर्यंत.

आई